दिवसाची वीज, रात्रीची वीज आणि एकच दर: मुंबईत नव्याने बिल भरणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी मी रात्री साडेअकराला वॉशिंग मशीन लावायचे. माझा दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. त्यांच्याकडे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची, म्हणून मोठी यंत्रं रात्रपाळीत चालायची. त्याने जेवताना सहज सांगितलं आणि मी ते घरी लागू केलं. महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मशीन पिळायला लागलं की त्यांचा पलंग थरथरतो म्हणाल्या. बिल तर एक रुपयानेही कमी झालं नव्हतं. कमी व्हायचं कारणच नव्हतं. आमचा मीटर तेव्हा साधा होता, आणि साध्या मीटरला घड्याळातलं काही कळत नाही. तो फक्त एकूण युनिट मोजतो.

त्यामुळे मुंबईत नवं घर घेतलेल्यांना, भाड्याने राहायला आलेल्यांना किंवा नुकताच स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा) बसलेल्यांना आधीच सांगते, रात्रीची वीज स्वस्त ही समजूत डोक्यातून काढा. आपल्याकडे आता उलटं आहे. सवलत दिवसा आहे.

आधी उलटं का झालं ते

जगात बऱ्याच ठिकाणी रात्रीचा दर खरंच कमी असतो. इंग्लंडमध्ये रात्रीच्या सात तासांची स्वस्त वीज १९७८ पासून मिळते. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री बंद करून सकाळी चालू करणं परवडत नाही, मग रात्री उरलेली वीज लोकांनी वापरावी म्हणून दर उतरवायचा. तिथे त्या विजेवर घर गरम करायच्या शेगड्या चालतात. आपल्याकडच्या कारखान्यांची रात्रीची सूटही त्याच हिशेबातली होती.

मग सोलर आलं. दुपारी ऊन असतं तेव्हा वीज भरपूर असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी लोक घरी येतात, दिवे, एसी, टीव्ही, मिक्सर सगळं एकदम सुरू होतं. मुंबईची ही संध्याकाळची गरज भागवायला खोपोली, भिवपुरी, भिरा इथलं धरणांचं पाणी आजही कामाला येतं. खोपोलीचं केंद्र १९१५ सालचं आहे. पाण्यावरची वीज काही मिनिटांत चालू करता येते, कोळशाची येत नाही. म्हणजे आता महाग झाली ती संध्याकाळ, आणि दुपार स्वस्त.

केंद्र सरकारने १४ जून २०२३ रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दिवसातले आठ तास 'सोलर तास' धरायचे आणि त्या वेळेतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा. गर्दीच्या तासांत दर चढा ठेवायचा, घरगुती ग्राहकाला नेहमीच्या किमान १.१ पट आणि दुकान-कारखान्याला किमान १.२ पट. १० किलोवॅटच्या वरच्या दुकान-कारखान्यांना १ एप्रिल २०२४ पासून, शेती सोडून बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून, आणि स्मार्ट मीटर बसल्यावर. तास कोणते आणि पैसे किती, हे राज्यात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, तेही प्रत्येक कंपनीसाठी वेगळं.

पहिलं काम: तुमची वीज कोणाची?

मुंबईबाहेरून आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो, कारण एकाच शहरात चार नावं आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट. वांद्र्यापासून पुढे उपनगरात मुख्यतः अदानी, जी २०१८ च्या आधी रिलायन्स होती. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. आणि या सगळ्यात टाटा पॉवर, जिला सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर घरगुती ग्राहकांना वीज विकायचा रस्ता मोकळा झाला. उपनगरात शेजारच्या दोन फ्लॅटची बिलं दोन कंपन्यांची असू शकतात.

आम्ही भांडुपला राहतो, म्हणजे महावितरण. दादरची वहिनी मला तिच्या बेस्टच्या बिलाचा फोटो पाठवून "तुमच्यापेक्षा आमचं जास्त का?" विचारते. त्याला काही अर्थ नाही. दरपत्रकं वेगळी, स्लॅबचे (युनिटांच्या टप्प्यांचे) दर वेगळे. तुलना करायची तर आपल्याच कंपनीच्या दोन दरांची करायची. कंपनी बदलायचा विचार असेल तर नुसता वीज आकार बघू नका, त्यात वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे पैसे) मिळवून बघा. स्वस्त वाटणारा दर कधी कधी तिथे भरून निघतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मालकाने स्वतःचा छोटा सबमीटर लावून युनिटला ठरावीक रक्कम घेतली असेल, तर दिवसाची सवलत मालकाच्या बिलात उतरते, तुमच्या खिशात नाही. तुम्ही कपडे दुपारी धुवा नाहीतर मध्यरात्री. अशा वेळी मालकाकडे कंपनीचं मूळ बिल मागायला लाजू नका.

दुसरं: मीटर कुठला आहे ते खाली जाऊन बघा

जिन्याखालच्या मीटर रूममध्ये जा, वॉचमनकडून किल्ली घ्या, मोबाइलचा टॉर्च लागेल. आपला मीटर कुठला हे ऑइलपेंटने लिहिलेल्या फ्लॅट नंबरवर विसंबून ठरवू नका. आमच्याकडे ३०३ आणि ३०४ चे नंबर उलटे रंगवलेले होते. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर छापलेला क्रमांक जुळवा.

स्क्रीनवर आकडे आपोआप बदलत राहतात. तारीख येते, वेळ येते, मग एकूण युनिट. मीटर स्मार्ट असेल तर वेळ नीट वाचा आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा. वेळेनुसार दर लागणार असेल तर मीटरचं घड्याळ बरोबर असणं हे तुमच्या फायद्याचं आहे.

लाल दिवा लुकलुकताना दिसेल. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती वेळा तो लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, पुष्कळ मीटरांवर ३२००. आमच्या घरात सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवला आणि मी खाली जाऊन मोजलं. मिनिटाला आठ वेळा. ३२०० ला एक युनिट, म्हणजे आठ वेळा लुकलुकलं तर त्या क्षणी १५० वॅट. मुलाला हा खेळ फार आवडला, त्याने नंतर इस्त्री लावून मला परत खाली पिटाळलं.

स्मार्ट म्हणजे प्रीपेड असा समज अजून आहे. दोन्ही एक नाही. स्मार्ट मीटर असून बिल महिनाअखेरीला येऊ शकतं, आमचं तसंच येतं.

तिसरं: एक आठवडा आकडे लिहा

हे काम लोक टाळतात आणि मग नुसते वाद घालत बसतात. स्मार्ट मीटर असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये तासागणिक वापर दिसतो का ते बघा. नसेल तर सकाळी ९, संध्याकाळी ५ आणि रात्री झोपताना, साधारण १२ ला, मीटरचा फोटो काढा. सात दिवस. शनिवार-रविवार वगळू नका, उलट तेच जास्त बोलके असतात.

आमचा मे महिन्यातला आठवडा असा निघाला: दिवसाला सरासरी ११ युनिट. त्यातले ९ ते ५ मध्ये अडीच, ५ ते १२ मध्ये तीन, आणि रात्री १२ ते सकाळी ९ मध्ये साडेपाच. महिन्याचे झाले ३३०. दिवसाचे ७५, संध्याकाळचे ९०, रात्रीचे १६५.

मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मुलगा शाळेत, घरी सासूबाई. दिवसाच्या अडीच युनिटांत त्यांचा पंखा, टीव्ही आणि फ्रिजचा वाटा. फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून त्याच्या विजेचा एक तृतीयांश भाग आपण काही न करता सोलर तासांत पडतो. रात्रीचा मोठा आकडा एसीचा.

चौथं: आता तुलना

आमच्या महावितरणने २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे सुरुवातीला ८० पैसे सवलत जाहीर केली; इथले हिशेब त्याच आकड्याने केलेत. आमचे दिवसाचे ७५ युनिट गुणिले ८० पैसे, म्हणजे ६० रुपये. त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं, म्हणून सुमारे ७० रुपये. वर्षाचे आठशेच्या आसपास. वाईट नाही, पण यासाठी स्वयंपाकघराचं वेळापत्रक उलटंपालटं करायची गरज नाही, कारण हे ७० रुपये काहीही न बदलता मिळतात.

आता वॉशिंग मशीन. थंड पाण्यावर एका वेळी साधारण ०.४ युनिट. दिवसाआड लावलं तर महिन्याला सहा युनिट. सगळं दुपारी हलवलं तर वाचतील ४ रुपये ८० पैसे. काकूंचा पलंग मी पाच रुपयांसाठी हलवत होते, आणि तेही चुकीच्या वेळी!

जिथे फक्त सवलत आहे आणि संध्याकाळी जादा दर नाही, तिथे वेळेनुसार दर एकाच दरापेक्षा महाग पडूच शकत नाही. गणित लागतं ते दोन्ही असेल तेव्हा. आपल्या कंपनीच्या दरपत्रकात घरगुती वर्गासमोर नुसती वजाबाकी आहे की संध्याकाळच्या रकान्यात अधिकची खूणही आहे, ते बघा. तशी खूण असेल तर एवढंच करायचं: दिवसाचे युनिट गुणिले सवलत, वजा संध्याकाळचे युनिट गुणिले जादा.

हिशेबासाठी नेहमीचा दर ८ रुपये धरू, दिवसा २० टक्के कमी म्हणजे १.६० ची सूट, संध्याकाळी १० टक्के चढा म्हणजे ८० पैसे जादा. आमच्या घराचं: ७५ गुणिले १.६० बरोबर १२०, त्यातून ९० गुणिले ०.८० बरोबर ७२ वजा. महिन्याला ४८ रुपये फायदा. आता वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं घ्या. दोघंही साडेआठला बाहेर, आठला परत. समजा दिवसाचे ३० युनिट, संध्याकाळचे १२०. ४८ वजा ९६. त्यांना ४८ रुपये तोटा. दरपत्रक तेच, इमारत तीच, आणि निकाल उलटा. रात्री १२ नंतरचे युनिट या गणितात येतच नाहीत, म्हणून रात्रभर एसी लावणाऱ्याने संध्याकाळच्या जादा दराला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते स्लॅबला.

स्लॅब, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही

घरगुती दर एकच नसतोच मुळी. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत, आणि दर टप्प्याला वीज आकार चढत जातो. त्या त्या टप्प्यातल्या युनिटांनाच तो दर लागतो, ३०१ वं युनिट झालं म्हणून आधीची ३०० महाग होत नाहीत. (हा गैरसमज पार सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना असतो.)

पण शेवटची युनिटं सर्वात महाग, म्हणून जे वाचवाल ते वरून वाचतं. आमचं उदाहरण परत, दर हिशेबापुरते धरलेले: दुसऱ्या टप्प्यात ८, तिसऱ्यात १२. रात्रीचा एसी महिन्याला १२६ युनिट खातो. नव्या एसींचं मूळ तापमान २०२० पासून २४ अंशांवर ठेवलेलं असतं, आणि एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आम्ही २४ चे २६ केले आणि पंखा लावला. १५ युनिट गेले. दोन जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले, दिवसाला १६ तास चालतात, तिथे ४३ युनिट गेले. एकूण ५८. त्यातले ३० तिसऱ्या टप्प्यातले, ३६० रुपये. उरलेले २८ दुसऱ्यातले, २२४ रुपये. झाले ५८४.

एकीकडे घड्याळ पाहून ७०, दुसरीकडे स्लॅब पाहून ५८४. मी नवीन माणसाला पंख्यांपासूनच सुरुवात करायला सांगते.

काय हलवायचं, काय नाही

गीझर हलत नाही. मुंबईत नळाचं पाणी फार थंड नसतं, १५ लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवायला अर्धं युनिटही पुरतं, आणि सकाळची आंघोळ कोणी ९ नंतर ढकलणार नाही. दुपारी पाणी तापवून रात्रीपर्यंत टाकीत ठेवणं म्हणजे वीज हवेत सोडणं. घरात कोणी नसताना गीझर चालू ठेवून जाणं तर कधीच नको.

मशीनला डिले स्टार्टचं, म्हणजे काही तासांनी आपोआप सुरू व्हायचं, बटण असतं. ते वापरण्याआधी महापालिकेच्या पाण्याची वेळ आठवा. आमच्या विंगला टाकीचं पाणी दुपारी दोन ते चार बंद असतं. पहिल्याच दिवशी मशीन पाण्याची वाट बघत थांबलं, आणि जुलै महिना होता. संध्याकाळी आल्यावर झाकण उघडलं तो वास विचारू नका. आता सासूबाई साडेअकराला बटण दाबतात.

इस्त्री, मिक्सरवरची चटणी-वाटणं, डोशाचं पीठ, व्हॅक्यूम, घरून काम करणाऱ्याच्या स्कूटरचं चार्जिंग, हे सोपं आहे. घरी वयस्कर माणसं असतील आणि दुपारी एसी लागत असेल तर तो निर्धास्त लावा, तोच तुमच्या सवलतीचा मोठा भाग होईल.

आणि खरा पैसा सोसायटीच्या सामाईक मीटरवर आहे. लिफ्ट, जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप याला गृहनिर्माण सोसायटीत घरगुती दर लागतो. साडेसात अश्वशक्तीचा पंप रोज तीन तास चालला तर दिवसाला २० युनिट, महिन्याला ६००. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत कधीही येवो, वरच्या टाकीत चढवायची वेळ आपल्या हातात असते. वॉचमनला पहाटे पाचऐवजी सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनला पंप लावायला सांगितलं, की ८० पैशांनी महिन्याला ४८० रुपये. फक्त वरची टाकी सकाळच्या गर्दीला पुरते का ते आधी बघा, नाहीतर सात वाजता साबण लावलेली माणसं सेक्रेटरीला फोन करतील. आमच्याकडे ही सूचना मांडली तेव्हा पाऊण तास चर्चा झाली, त्यातला अर्धा तास वॉचमनला चहा कोण देणार यावर.

बिल आल्यावर

स्मार्ट मीटर बसल्यानंतरच्या पहिल्या बिलात तीन गोष्टी तपासा. जुन्या मीटरचं शेवटचं वाचन तुम्ही काढलेल्या फोटोशी जुळतं का. मीटर बदलायला माणूस येईल तेव्हा जुन्या आणि नव्या दोन्ही मीटरचा फोटो काढाच, नंतर तो मिळत नाही. दुसरं, वेळेनुसार युनिटांची फोड छापली आहे का आणि तिची बेरीज एकूण युनिटांइतकी होते का. तिसरं, सवलतीची ओळ.

आमच्या पहिल्या बिलात ती ओळ नव्हती. कार्यालयात विचारलं तर "पुढच्या महिन्यात येईल" म्हणाले. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तिसऱ्या बिलात मागच्या दोन महिन्यांसकट वळती होऊन आली. तोंडी सांगून थांबू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे काही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला वकील लागत नाही, मीटरचे फोटो आणि पोचपावती मात्र लागते.